कोन गं त्यो?

आईची गाणी आटली ती माझ्यामुळं, असं सगळी बेंबळी म्हणत होती. मी तेव्हा तीन महिन्यांची होते, त्यामुळं मला सगळं नीट आठवतं. हसू नका. मोठी माणसं ऐकलेलं विसरतात आणि बघितलेलं बदलून सांगतात. तान्ह्या पोराला दुसरा उद्योगच नसतो, ते पडल्या पडल्या सगळं बघत असतं. आणि जे मी बघितलं नाही ते मला आजीनं सांगितलंय, नागम्मानं सांगितलंय. दोघींचं जिथं जुळत नाही तिथं मी माझ्या मनाचं घातलंय.

माझं नाव नीलम्मा. आई गिरिजाबाई, बेंबळीच्या लोकल फंडाच्या दवाखान्यातली दाई. नुसती सुईण नव्हे, हैदराबादेत दीड वर्ष राहून शिकलेली, निजाम सरकारच्या शिक्क्याचा कागद घेऊन आलेली. डॉक्टरसाहेब धाराशिवहून आठवड्यात दोनदा यायचे. बाकीचे पाच दिवस दवाखाना म्हणजे आई, एक कंपाउंडर आणि पोटुश्या बायांची रांग. शिवाय शेजारचं रुईभर म्हणू नका, आजूबाजूच्या वाड्या म्हणू नका, जिथून गाडी येईल तिथं जायचं. लढाई चालू होती, साखर नव्हती, रॉकेल नव्हतं, कापड नव्हतं. लेकरं तेवढी रेशनवर नव्हती.

आम्ही लिंगायत. आमच्यात बाळंतपणाचा विटाळ धरत नाहीत. त्यामुळं 'विटाळ घरात आणू नगं' असं सुनेला म्हणायची आजीला सोयच नव्हती. इतर सासवांना जे आयतं मिळतं ते आमच्या पार्वतम्माला धर्मानंच नाकारलं होतं. बिचारीला रोज नवं कारण शोधावं लागायचं. मग मी जन्मले आणि तिची ती शोधाशोध थांबली.

आता गाण्यांचं सांगते.

आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. 'ह्ये', 'आमच्या घरचे', 'पोरीचा बाप' असं म्हणत बाया सगळा जन्म काढतात. लग्नात एकदा उखाण्यात काय घेतील तेवढंच. आईच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. बाळंतिणीला 'जोर दे, जोर दे' म्हणून सगळ्याजणी ओरडतात, पण जोर काही सांगून येत नाही. तो पोटात साठलेल्या कशावर तरी येतो. आणि बाईच्या पोटात लेकराखालोखाल काय साठलेलं असेल तर नवऱ्याची गाऱ्हाणी.

म्हणून आईनं एक रीत काढली. पोटुशी बाई दवाखान्यात आली की तपासता तपासता विचारायची, "काय म्हणतात घरचे?" बाई पहिल्यांदा लाजायची. सातव्या महिन्यापर्यंत सगळं ओकायची. आई ते डोक्यात ठेवायची, चालता चालता त्याच्या चार ओळी बांधायची, आणि ऐन वेळेला, दार लावून, त्या बाळंतिणीला म्हणून दाखवायची. शेवटी विचारायची, "कोन गं त्यो?" आणि बाई, जिनं जन्मात नवऱ्याचं नाव उच्चारलं नाही ती, सगळा प्राण एकवटून ते नाव ओरडायची. अर्धं काम तिथंच व्हायचं.

हरणाबाईचं गाणं अजून मला पाठ आहे:

म्हशीला घालतो सरकी, पाठ चोळतो हातानं,
बायकोसंगं बोलतो नुसतं खाल्लेल्या दातानं.
कोन गं त्यो?

तिच्या नवऱ्याचं नाव सिदू. एवढंसं नाव, त्यात कितीसा जोर बसणार? नऊ वेळा घ्यावं लागलं. आई म्हणायची, पोरीला स्थळ बघताना शेती बघू नका, नाव लांब आहे का बघा.

नवरा तेव्हा बाहेर वट्ट्यावर बसलेला असायचा. त्यानं सगळं ऐकायचं आणि जबाब द्यायचा नाही, असा दंडक होता. दुसरं असं की गाणं खरं पाहिजे. आणि एकदा म्हटलेलं गाणं पुन्हा कुठं म्हणायचं नाही; दार उघडलं की ते संपलं. हे दंडक कुणी घातले विचाराल तर आईनंच. पण बायांनी ते असे पाळले की जणू आज्यापणज्यापासून चालत आलेत.

माझ्या वेळेला मात्र आईला गाणं म्हणायला कुणी नव्हतं. दाईचं बाळंतपण करायला धाराशिवहून नर्स आली होती. ती भली बाई होती, पण 'पुश, पुश' यापलीकडं तिचं काव्य जाईना. आई दात खाऊन दीड दिवस पडून राहिली. मी आले आणि गाणी गेली.

खरं सांगू? त्यात माझा हात होता. आई मला पाजायला घ्यायची आणि मध्येच तिचे डोळे कुठंतरी लागायचे. बोटं माझ्या पाठीवर ठेका धरायची. ओळ येत असायची. मला ते लगेच कळायचं, कारण आईचं सगळं अंग मला सोडून तिकडं निघून जायचं. मी भोकाड पसरायची. ओळ पळायची, आई परत यायची. असं मी तीन महिन्यांत निदान चाळीस ओळी मारल्या असतील. मला आज त्याचं वाईट वाटतं. तेव्हा अजिबात वाटलं नाही.

बरं, दिवसभर घरी असती तर गोष्ट वेगळी. सरकारनं दीड महिन्याची रजा दिली ती संपली, आणि आई पुन्हा कामावर. पूर्वी दवाखान्यात जाता जाता वाटेत तिला गाणं सुचायचं. आता वाटेत ती हिशेब करायची की मला पाजून किती वेळ झाला. बाया गाऱ्हाणी सांगायच्या, आई 'व्हय का' म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी कुणाचा नवरा घोरतो नि कुणाचा जुगार खेळतो याचा डोक्यात काला झालेला असायचा. चार बाळंतपणं तिनं गाण्याबिगर केली. चारही सुखरूप झाली. पण बाया बाहेर येऊन एकमेकींना म्हणाल्या, "दाई चांगली हाय गं, पण आता पयल्यावानी न्हाय."

ते आईच्या कानावर आलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

आणि अशात नागम्माचे दिवस भरत आले.

नागम्मा आमच्या गल्लीतली, शरणबसप्पाची बायको. पहिल्या खेपेला माहेरी गेली होती. तिथं सगळं झालं, पण लेकरू रडलंच नाही. तेव्हापासून तिच्या मनात भीती बसली होती. दुसऱ्यांदा दिवस गेल्यावर तिनं माहेरचा रस्ता धरला नाही, आईचा हात धरला. "गिरजाक्का, माझ्या वक्ताला तुमचं गाणं पायजे. गाण्याबिगर म्या न्हाय बाळंतीन व्हायची, सांगून ठिवते." आईनं कबूल केलं होतं. तेव्हा मी जन्माला यायची होते; आईला काय माहीत पुढं काय वाढून ठेवलंय.

आणि माल काय कमी होता? शरणबसप्पासारखा नवरा म्हणजे दाईला सोन्याची खाण. गावात सगळ्यात धिप्पाड गडी, मिशी अशी की तिच्यावर लिंबू ठेवावं. त्या मिशीला तो रोज सकाळी लोणी चोळायचा. आदल्या वर्षी गावात पटकीची साथ आली, दवाखान्याची माणसं सुई टोचायला घरोघर निघाली, तेव्हा हा पैलवान सुई बघून माळवदावर चढला आणि शिडी वर ओढून घेतली. दोन दिवस खाली आला नाही. पहिल्या खेपेची पोटुशी असलेल्या नागम्मानं दोरीला बांधून भाकरी वर पाठवली. एवढं सगळं तयार होतं. ओळी तेवढ्या येत नव्हत्या.

एका सोमवारी आई रुईभरहून परतली ती दोन प्रहरी. मी सकाळपासून रडत होते. आजीनं मला खांद्यावर घेतलं, मांडीवर घेतलं, झोळीत घातलं, शिवाचं नाव घेतलं, माझ्या बापाचा उद्धार केला, सगळं करून झालं. आजीचे गुडघे दुखायचे, ती साठीची होती, आणि तिचं कुणी ऐकून घेत नव्हतं, हेही खरं आहे. दार उघडलं तर उंबऱ्यात आई उभी. आत यायचं सोडून ओठ हलवतीय आणि बोटं मोजतीय.

"पोरगी रडून काळीनिळी झाली," आजी कडाडली, "आन तू हितं उभी ऱ्हाऊन बोटं मोजतीस?"

"आत्याबाई, आलीच हुती वळ, दारापर्यंत आलीच हुती..."

"कोन आलं हुतं दारापर्यंत?"

"वळ. नागम्माच्या गाण्याची."

आजीनं मला आईच्या अंगावर टाकलं आणि दुकानाकडं तोंड करून हाक मारली, "शांतू! दौत आन. कागद आन."

माझे बाबा, शांतलिंग, पुढच्या खोलीत किराणा दुकान चालवायचे. माणूस इतका शांत की गिऱ्हाईक आलं तरी त्यांना वाईट वाटायचं. आई आणि बायको यांच्यामध्ये ते तराजूच्या काट्यासारखे उभे राहायचे, म्हणजे काही न बोलता. आजीनं हुकूम केला: सुनेचा इस्तिफा लिही. बाबांना कचेरीची उर्दू येत होती. त्यांनी बसून लिहिला. पण त्यांची उर्दू इतकी अदबीची, जागोजागी इतकी मेहरबानी आणि इतकी खाकसारी, की बाई नोकरी सोडतीय की मागतीय हेच वाचणाऱ्याला कळू नये. शेवटी सहीपुरती जागा ठेवली.

आई रागानं लाल झाली होती. मला पाजत पाजतच म्हणाली, "बरं. नागम्माचं गाणं न्हाय झालं तर करते सही. गाणंच येईना तर निस्ती नाळ कापायला म्या कशाला पायजे? कुनीबी कापंल."

"सोताच्या तोंडानं म्हनलीस," आजी म्हणाली.

"म्हनले."

आजीनं कागदाची घडी घातली आणि आरशामागं खोवली. आईला रोज कुंकू लावताना ती दिसायची. मला आजीचा राग येतो तो इथं. पण सांगितलं ना, तिचे गुडघे दुखत होते.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, भाकरी तव्यावर असतानाच शरणबसप्पा दारात येऊन उभा राहिला. एवढा मोठा गडी, पण नुसताच घराकडं बोट दाखवत राहिला. आईनं पेटी उचलली. मला आजीकडं दिलं. गाणं झालेलं नव्हतं. एक ओळ होती, तीही अर्धी.

नागम्माच्या घरी सखूबाई आणि आणखी दोन शेजारणी जमल्या होत्या. शरणबसप्पाला दंडकाप्रमाणं वट्ट्यावर बसवलं. नागम्मा पहिल्यापासूनच घाबरलेली. कळा येत होत्या पण ती अंग आवळून घ्यायची. लेकरू बाहेर येऊच नये असं कुठंतरी तिच्या मनात असावं. पोटात आहे तोवर ते निदान आहे तरी. आई गोड बोलली, रागावली, पाठ चोळली. दुपार झाली.

"गाणं," नागम्मा म्हणाली. "अक्का, गाणं कुटाय माझं?"

आणि माझ्या आईनं, हैदराबादेत शिकलेल्या, सरकारी शिक्क्याच्या दाईनं, चोरी केली. स्वतःच्याच घरची चोरी, पण चोरी. दोन वर्षांपूर्वीचं जुनं गाणं काढलं आणि डोळे मिटून म्हणाली:

चंची तंबाखूची ठिवतो उशाखाली जपून,
बायको मेली का जगली, बघत न्हाय वळून.
कोन गं त्यो?

सखूबाईनं पदर तोंडाला लावला. ते गाणं तिचंच होतं, आणि चंचीवाला गोरोबा तिचा नवरा.

नागम्मानं कळ मध्येच गिळली आणि मान वर केली. "ह्ये माझं न्हाय."

"अगं, म्हन तू, नाव घे..."

"माझा नवरा तंबाखू खात न्हाय!"

"म्या तंबाखू खात न्हाय!" बाहेरून शरणबसप्पा ओरडला. जबाब द्यायचा नाही हा दंडक त्यानं मोडला. पण एकाच दमात आईनं दोन मोडले होते. त्याला कुणी काय बोलावं? "दाईबाई, आमच्या घरात सात पिढ्यांत कुनी तंबाखू खाल्ली न्हाय!"

"खोट्या गाण्यावर म्या जोर न्हाय द्यायची," नागम्मा म्हणाली आणि तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. गाल भिजले होते. "दुसरीचं गाणं मला दिलं. आता माझं लेकरूबी जायाचं."

आई सांगायची, तिला त्या घडीइतकी लाज जन्मात वाटली नाही. कागद डोळ्यासमोर आला आणि वाटलं, करावी सही, सुटावं.

आणि तेवढ्यात कागद खरोखरच आला. इकडं घरी मी भुकेनं आकांत मांडला होता. आजीनं वाट बघून बघून मला काखेत मारलं, आरशामागची घडी कमरेला खोवली, दुसऱ्या हातात शाईची दौत घेतली आणि भर उन्हात गल्ली ओलांडून निघाली. जाताना बाबांना म्हणाली, "आज ह्या घरात एक तर दाई ऱ्हाईल न्हाय तर म्या." वट्ट्यावरच्या शरणबसप्पाला तिनं पायानं बाजूला केलं आणि दार लोटलं.

"गिरजे! घे तुझी पोरगी. आन कर सही."

आईनं माझ्याकडं बघितलं, आजीकडं बघितलं, दौतीकडं बघितलं. खाली बसली. मला एका हातानं अंगाशी घेतलं आणि दुसरा हात नागम्माच्या पोटावर ठेवला. मी दुधावर तुटून पडले. नागम्माच्या पोटातली कळ आईला हाताखाली कळली.

आणि मग माझी आई चिडली. नागम्मावर नाही, आजीवर नाही, माझ्यावर तर नाहीच. ती चिडली त्या बंद दारावर, ज्याच्या पलीकडं एक धिप्पाड माणूस सावलीत बसून होता आणि अलीकडं सहा बाया घामानं निथळत होत्या. तिचे डोळे कुठं लागले नाहीत. ठेका बोटांत आला नाही, तो मी ज्या तालावर दूध ओढत होते त्याच तालावर आला. हे मी छातीला हात लावून सांगते.

सुई बघून पळाला गडी, माळवदावर चढला,
शिडी घेतली वर वढून, दोन दिस तितंच दडला.

नागम्मानं तोंड इकडं वळवलं.

खाली बायको पानी वाहती, दोन जिवांची, एकली,
लोनी चोळतो मिशीला, भाकर तिची सुकली.
कोन गं त्यो?

"शर..." नागम्मा म्हणाली. नाव तोंडात अडकलं. बारा वर्षांची सवय.

"दौत ठिवा ती खाली!" आई आजीवर ओरडली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. "हिला मागनं धरा!"

आजीनं दौत ठेवली. दुखत्या गुडघ्यांवर बसली, नागम्माला पाठीमागून मिठीत धरलं. मी मध्येच दूध सोडून ओरडले. आईनं मला न थांबवता, माझ्या रडण्यावरूनच पुढची ओळ घेतली:

लेकरू माझं रडतंया, सासू माझी चिडती,
बाप्ये बसले वट्ट्यावर, कंबर बायांची मोडती.
एकीनं द्यायाचा जोर, दुसरीनं धरायाचा हात,
आन गूळ वाटत फिरनार मिशी पिळत दिसरात,
कोन गं त्यो?

"शरणबसप्पाऽऽ!" नागम्मा ओरडली. माळवदावरची कबुतरं उडाली.

"म्याऽ!" बाहेरून हंबरडा आला. "म्याच त्यो! गुन्हा कबूल हाय! शिडीबी जाळतो, मिशीबी काढतो!"

"कोन गं त्यो?" आता आई एकटी नव्हती, सखूबाईसकट सगळ्याजणींनी विचारलं.

"शरणबसप्पाऽऽ!"

चार वेळा. लांब नावाचा फायदा असतो तो असा. चौथ्या वेळेला लेकरू आईच्या हातात आलं. मुलगी होती, आणि रडत नव्हती.

नागम्मानं विचारलं नाही. तिनं नुसता आजीचा हात धरला. आईनं मला खाली चटईवर टाकलं, अक्षरशः टाकलं, आणि त्या पोरीला पालथी धरून पाठ चोळायला लागली. मला टाकलेलं मला सहन झालं नाही. मी माझ्या सगळ्या जिवानं किंचाळले. आणि माझं ऐकून, माझ्याच सुरात, ती रडली.

सगळे म्हणतात आईच्या हातानं रडली. म्हणू देत. हे श्रेय मला आजतागायत कुणी दिलेलं नाही आणि मीही ते सोडलेलं नाही.

नागम्मा हसत होती, रडत होती आणि पुन्हा पुन्हा नवऱ्याचं नाव घेत होती. काही काम नव्हतं तरी. तोंडाला चव आल्यासारखं. आजी तिला मागून धरून तशीच बसून होती. मी चटईवरून बघत होते. आजीचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण ओठ काहीतरी म्हणून बघत होते.

घरी येईपर्यंत दिवस कलला. आजी वाटभर पुढं चालली. आईला वाटलं, आता आकाश कोसळणार. भर खोलीत, परक्या बायांच्या देखत, ती सासूवर ओरडली होती आणि गाण्यात घातलं होतं ते वेगळंच. तिनं पाय धुतले, मला घेतलं आणि आपणहून म्हणाली, "आत्याबाई, म्या लई बोलले. चुकले."

"तू बस," आजी म्हणाली.

आई बसली. आजीनं तिच्या मांडीवरून मला उचललं. मी नुकतीच प्यायले होते, म्हणून विरोध केला नाही. आजीनं कमरेची घडी काढली, उलगडली, पालथी केली. मागची बाजू कोरी होती. ती आईपुढं ठेवली आणि दौत सरकवली.

"म्या पाच बाळंतपनं केली," आजी म्हणाली. "पाचीबी दातावर दात ठिवून. एकानंबी म्हनलं न्हाय, आरड म्हनून. नाव घेतलं तर त्यांचं आयुष्य घटंल, ह्ये आईनं सांगितल्यालं. म्या घेतलं न्हाय. उखाण्यातबी तोंडातल्या तोंडात. जपून ठिवलं. आन चाळिसाव्या वर्सी गेलंच की." तिनं दौत आणखी पुढं सरकवली. "घेतलं असतं तर निदान जोर तरी आला असता. माझी पाच गाणी ऱ्हायलीत गिरजे. पाच नगं. एक कर."

आईच्या डोळ्यात पाणी आलं. तिनं ते पुसलं आणि दाईच्या आवाजात विचारलं, "काय म्हनत हुते घरचे?"

आजी लाजली. साठीची बाई, पण सातव्या महिन्यापर्यंत कुणाला थांबायचं होतं? तिनं तिथंच सगळं सांगितलं. दर वर्षी तुळजापूरच्या जत्रेतनं बांगड्या आणायचे आणि दर वर्षी लहान व्हायच्या. "वीस वर्सं! एकदाबी हात धरून मनगट बघितलं न्हाय. पेटी भरलीय निस्ती. सांग, फोडाव्यात का पुजाव्यात?"

आई लिहायला लागली. आजपर्यंत तिनं गाणं कधी लिहिलं नव्हतं, सगळं डोक्यात. आजीच म्हणाली, "डोक्यात ठिवू नगं. डोकं आता पोरीनं घेतलंय. कागदावर ठिव, ती तितनं न्हाय पळत." मला झोप येत नव्हती, मी रडायचा विचार केला. पण आजीनं मला गुडघ्यावर घेऊन असं हलवायला सुरुवात केली की मी म्हटलं, जाऊ दे, एक ओळ लिहू देऊ.

बाबांच्या त्या अदबीच्या उर्दूच्या पाठीवर आईनं चार ओळी लिहिल्या. तो कागद माझ्याकडं आहे. सहीची जागा अजून कोरीच आहे.

"म्हन," आजी म्हणाली.

आई म्हणाली:

बांगड्या आनतो जत्रंतनं, एकबी हातात जाईना,
वीस वर्सं संसार केला, मनगट ठावं होईना.
दातावर दात ठिवून माझी पाच लेकरं जन्मली,
नाव गिळलं जल्मभर, तरी दोरी कुटं लांबली?
कोन गं त्यो?

आजीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"कोन गं त्यो?" आईनं पुन्हा विचारलं, हळू.

"शिवलिंगप्पा," आजी म्हणाली. इतक्या बारीक आवाजात की फक्त मी ऐकलं.

"ऐकाया न्हाय आलं. जोर द्या आत्याबाई. कोन गं त्यो?"

आजीनं मला घट्ट धरलं, डोळे मिटले, आणि नऊ वर्षांची असताना लग्न होऊन आल्यापासून जे गिळलं होतं ते सगळं एकदम बाहेर काढलं.

"शिवलिंगप्पाऽऽऽ!"

दुकानात काहीतरी पडलं. बाबा धावत आले. पंचवीस वर्षांपूर्वी गेलेल्या त्यांच्या बापाला कुणीतरी घरातून हाक मारली होती. हातात गुळाची ढेप, तोंड पांढरंफटक. दारात उभं राहून त्यांनी आत बघितलं: बायको लिहितीय, आई रडतीय नि हसतीय, आणि पोरगी गप्प.

"काय झालं? कोन हाक मारतंय आण्णाला?"

आजीनं डोळे पुसले नाहीत. एका हातानं मला सावरलं आणि दुसऱ्या हातानं दार त्यांच्या तोंडावर लोटलं.

"तू वट्ट्यावर बस," ती म्हणाली. "हितं बाळंतपन चाललंय."